पहिल्या आठ दिवसांनंतर : जखमी रायडर मित्राची सोबत

मुळशीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. पुण्यात आमचा बावीस मोटरसायकलस्वारांचा गट आहे आणि गेली सात वर्षे आम्ही एकत्र फिरतो आहोत. गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ताम्हिणी घाटात आमच्यातला एक जण पडला. समोरून आलेली जीप वळणावर पूर्णपणे त्याच्या बाजूला आली, तिला चुकवताना त्याची गाडी ओल्या रस्त्यावरून घसरली आणि तो डाव्या खांद्यावर आपटला. जीप थांबली नाही. त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे १०८ ला फोन लावण्यासाठी आमच्या स्वीपला, म्हणजे ताफ्याच्या शेवटी राहणाऱ्या स्वाराला, मुळशीच्या दिशेने बरेच मागे जावे लागले. रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या वस्तीवरच्या लोकांनी ताडपत्री धरून त्याच्यावर पाऊस पडू दिला नाही. त्यांची नावेही आम्ही त्या गडबडीत विचारली नाहीत, याची खंत आजही आहे.

त्यानंतरच्या आठ दिवसांबद्दल मला गटाचा अभिमान वाटतो. पहिल्याच संध्याकाळी रुग्णालयाच्या आवारात तीसहून अधिक मोटरसायकली उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक दुसऱ्या गटांच्या होत्या आणि त्यांपैकी अनेकांनी आमच्या मित्राला कधी पाहिलेलेही नव्हते. रक्त देण्यासाठी रांग लागली. चार दिवसांत दोन लाख साठ हजार रुपये जमले. त्याची गाडी टेम्पोत घालून कोणीतरी परस्पर गॅरेजला पोहोचवली.

हा धागा मी काढतो आहे तो नवव्या दिवसापासून पुढे जे झाले त्यासाठी. मांडीच्या हाडात सळई घातली गेली, गळपट्टीचे हाड जुळू लागले आणि तो घरी आला, तेव्हा संकट सरले असे आम्ही सर्वांनी मनोमन ठरवून टाकले. त्याचा डावा हात उचलला जात नव्हता. हाड दुखत असल्यामुळे तो उचलत नसावा, असे आम्ही समजलो, तोही तसेच समजला, आणि घरात सासूबाईंचे आजारपण, मुलाची शाळा व पत्नीची नोकरी यांच्या ओढाताणीत पुढची तपासणी दोनदा पुढे ढकलली गेली. दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडे गटातले तीन जण जाऊन आले आणि तिसऱ्या महिन्यात एकही गेला नाही. आमची दिवाळीची राइड मात्र ठरल्याप्रमाणे झाली. हे लिहिताना मान खाली जाते, पण ते लिहिल्याशिवाय या धाग्याला अर्थ नाही.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस एका तज्ज्ञाने पाहिले आणि निदान झाले : ब्रॅकियल प्लेक्ससची दुखापत. मानेतून निघून हाताला हालचाल आणि संवेदना देणाऱ्या नसांची ही जुडी आहे. पडताना डोके एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेल्यामुळे त्या ताणल्या जातात, तुटतात किंवा थेट मज्जारज्जूपासून उपटून येतात. शस्त्रक्रिया पाचव्या महिन्यात झाली. आणखी उशीर झाला असता तर तिचा उपयोग झाला असता की नाही, याची खात्री डॉक्टरांनी दिली नाही.

आता चौदावा महिना चालू आहे. आपल्यापैकी ज्यांनी अशी दीर्घ सोबत केली आहे किंवा ज्यांना ती मिळाली आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. आमच्या गटाने या वर्षी काही नियम लिहून काढायचे ठरवले आहे आणि ते अनुभवातून आलेले असावेत अशी माझी इच्छा आहे.

कृष्णाकाठची फिजिओ

मी सांगली जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. ही दुखापत झालेल्या तरुणांपैकी बहुतेक जण मोटरसायकलवरून पडलेले असतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्या मित्राच्या बाबतीत जो उशीर झाला तो अनेक घरांत होतो, कारण तुटलेले हाड एक्स-रेमध्ये दिसते आणि तुटलेली नस दिसत नाही. अपघातानंतर हात लुळा असेल, बोटांत बधिरपणा असेल किंवा जळजळीसारखी वेदना असेल, तर साधारण तीन ते चार आठवड्यांनी नसांची विद्युत तपासणी, म्हणजे ईएमजी-एनसीव्ही, करून घ्यावी लागते. त्याआधी ती केली तर चित्र अपुरे मिळते. आपोआप सुधारणा होते का, हे पाहण्यासाठी पहिले तीन महिने थांबतात. ती झाली नाही, तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यानची शस्त्रक्रिया सर्वांत उपयोगी ठरते. नस वाढते ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, महिन्याला जेमतेम इंचभर. ती स्नायूपर्यंत पोहोचेपर्यंत स्नायू वाळत असतो, आणि वर्ष-दीड वर्ष नसेशिवाय राहिलेल्या स्नायूत पुढे नस आली तरी जोर येत नाही.

म्हणून गटातील एका व्यक्तीने पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून पुढच्या सर्व तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. घरातील माणसे त्या वेळी भांबावलेली असतात, त्यांच्या लक्षात राहील अशी अपेक्षा करू नये. दुसरे असे की बधिर हाताला चटका बसलेला कळत नाही. गरम चहाचा पेला, इस्त्री, उन्हात तापलेला सायलेन्सर यांपासून तो हात जपावा लागतो. खांदा निखळू नये म्हणून झोळी वापरायची असते, पण दिवसभर हात झोळीतच राहिला तर कोपर आणि बोटे आखडतात, म्हणून ठरलेल्या वेळी दुसऱ्या कोणीतरी ते सांधे हलवून द्यावे लागतात. हे शिकायला दोन बैठका पुरतात. पत्नी किंवा आईखेरीज गटातील दोन-तीन मित्रांनी ते शिकून घेतले, तर त्या घराला केवढा आधार होतो हे मी पाहिलेले आहे.

उंबरठा

मी स्वतः गाडी चालवत नाही. माझे पती सहा वर्षांपूर्वी नाशिक रस्त्यावर जखमी झाले होते, त्यांचे उपचार अकरा महिने चालले. धागाकर्त्यांनी मनापासून विचारले आहे, म्हणून मीही मनापासून लिहिते.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडे इतकी माणसे आली की मी आलेल्या प्रत्येकाला अपघात कसा झाला ते सांगत होते. दिवसातून वीस वेळा तोच प्रसंग तोंडाने सांगणे म्हणजे काय, हे येणाऱ्याला कळत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसतो. पुढे यांच्याच एका मित्राने ही जबाबदारी स्वतःकडे घेतली. रोज संध्याकाळी तो माझ्याशी पाच मिनिटे बोलत असे आणि गटाला एकच संदेश पाठवत असे. त्या दिवसापासून मला जेवायला वेळ मिळू लागला.

पैशांची मदत आम्हाला मिळाली आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही सर्वांत जास्त स्मरणात राहिला आहे तो यांच्याबरोबर फिरणारा एक निवृत्त गृहस्थ, ज्यांच्याशी त्याआधी माझे चार शब्दही झाले नव्हते. ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला रिक्षा घेऊन दारात येत, यांना फिजिओला नेत आणि साडेअकराला परत आणून सोडत. सात महिने त्यांचा एकही दिवस चुकला नाही. त्या दोन तासांत मी बँक, विजेचे बिल, शाळा आणि कधीकधी नुसती झोप, एवढे करू शकत होते. माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे टिकली.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळींना सांगावीशी वाटते. हे महिनोन्महिने चिडचिडे झाले होते आणि भेटायला आलेल्यांपुढे हसत होते. "तो मजेत आहे, आम्ही पाहून आलो," असे मला बाहेरून ऐकावे लागे. आजाऱ्याला भेटून निघताना दारात क्षणभर थांबून घरातल्या बाईलाही विचारावे की तुम्ही कशा आहात.

घाटपायथा

मी माणगाव परिसरात राहतो आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आमच्या बाजूला पडलेल्या गाड्या उचलण्याचे काम आम्हा गावकऱ्यांच्या वाट्याला येते. ताडपत्री धरणाऱ्यांची आठवण ठेवलीत, हे वाचून बरे वाटले.

पहिल्या दहा मिनिटांबद्दल लिहितो. पडलेल्याला ताबडतोब उभे करण्याची आणि हेल्मेट ओढून काढण्याची घाई जवळजवळ प्रत्येक वेळी होते. जखमी माणूस श्वास घेत असेल आणि बोलत असेल, तर हेल्मेट तसेच ठेवून फक्त काच वर करावी आणि डोके व मान हलू देऊ नये. श्वास अडकला असेल किंवा तोंडात उलटी आली असेल, तर हेल्मेट काढावे लागते. अशा वेळी एकाने खालून मान व जबडा दोन्ही हातांनी स्थिर धरावा आणि दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट सावकाश सरकवावे. हे एकट्याचे काम नाही. पाणी पाजू नये, कारण पुढे शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते. राइडला निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी आपल्याच पार्किंगमध्ये याचा सराव केला, तर घाटात हात थरथरत नाहीत.

मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही भीती आमच्याकडे अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले आहे. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. शहरातून येणाऱ्या गटांनी वाटेतल्या चहाच्या टपरीवर, वस्तीवर थांबून ही गोष्ट सांगितली, तर तुमच्यातलाच एखादा पुढच्या वेळी लवकर उचलला जाईल.

कलमबहाद्दर

व्यवसायाने वकील आहे आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काम करतो. धागाकर्त्यांना प्रथम विचारतो, पोलिसांत नोंद कधी केलीत?

मुळशीकाठ (धागाकर्ता)

दहाव्या दिवशी. तोपर्यंत ते कोणाच्या डोक्यातच आले नाही. रुग्णालयाने वैद्यकीय-कायदेशीर नोंद पाठवलेली होती, त्यामुळे काम झाले, पण जीपबद्दल आमच्या दोघांच्या सांगण्यात रंगाचीही तफावत येऊ लागली होती.

कलमबहाद्दर

हेच होते, म्हणून सविस्तर लिहितो. गर्दीतल्या तीस जणांपैकी दोघांनी रुग्णालयात न थांबता पोलीस ठाण्यात जावे. पळून गेलेले वाहन सापडले नाही, तरी गंभीर जखमीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील योजनेतून ५०,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे, आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून ही वाढीव रक्कम लागू आहे. त्यासाठी अपघाताची वेळेवर झालेली नोंद लागते. वाहन सापडले, तर न्यायाधिकरणातील दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा, असे सुधारित कायदा सांगतो. अंथरुणावरच्या माणसाला सहा महिने कसे सरले ते कळत नाही.

गाडीच्या विम्यातील मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी आहे, असा समज मी दर महिन्याला दूर करतो. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, एक हात किंवा एक पाय गमावल्यास त्यातील निम्मी रक्कम मिळते. उपचाराच्या खर्चासाठी आरोग्य विमा वेगळा हवा आणि मागे बसणाऱ्याचाही विचार स्वतंत्रपणे करायला हवा. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकडरहित मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के व दुर्बल घटकांसाठी आणखी दहा टक्के खाटा राखीव असतात. वर्गणी मागण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटून हे सर्व विचारावे. जमलेले पैसे मग घरभाडे आणि फिजिओ यांसारख्या, कोणत्याही योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी उरतात.

जमलेल्या पैशांबद्दलही सांगतो. ते एकाच्या वैयक्तिक खात्यात गोळा करून तोंडी हिशेब देणे टाळा. नातेवाईक नसलेल्यांकडून एका वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांहून अधिक झाली, तर प्राप्तिकर कायद्यानुसार ती मिळकतीत धरली जाऊ शकते, म्हणून सुरुवातीलाच एखाद्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

पिवळा रेनकोट

मी चार वर्षे पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडी चालवतो, म्हणजे आपल्यापैकी अनेकांपेक्षा जास्त, पण स्वतःला रायडर म्हणवून घेण्याची सवय आम्हाला नाही.

मागच्या वर्षी आमच्यातला एक जण पडला. गुडघ्याखालचे हाड बाहेर आले होते. आम्ही पंचेचाळीस जणांनी प्रत्येकी दोनशे, तीनशे असे काढले. रुग्णालयाच्या आवारात कोणी गाड्या घेऊन जमू शकले नाही, कारण त्या वेळी प्रत्येक जण ऑर्डरवर होता आणि एक संध्याकाळ गेली की त्या दिवसाची कमाई जाते. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. हा धागा वाचताना एवढेच वाटले की रस्त्यावर पडलेल्याला गट असेल तरच त्याच्यामागे माणसे उभी राहतात. महागडे जॅकेट घातलेला आणि पाठीवर चौकोनी पिशवी लावलेला, दोघेही एकाच खडीवरून घसरतात. आपल्या नियमांत आमच्यासाठी एखादी ओळ असावी.

मुळशीकाठ (धागाकर्ता)

पिवळा रेनकोट, आपला प्रतिसाद मी गटाच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला. आमच्यापैकी एकाने आठवण करून दिली की रक्तदानाच्या रांगेत दोन तरुण तशाच पिशव्या खांद्याला लावून उभे होते आणि रक्त देऊन लगेच निघून गेले होते. त्यांचे आभार मानायचेही राहिले. गटाने ठरवले आहे की जमलेल्या निधीतील शिल्लक केवळ सभासदांसाठी राखून ठेवायची नाही. आपल्या त्या सहकाऱ्याला फिजिओसाठी ने-आण लागत असेल, तर मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.

रक्तपेढीशेजारी

रक्ताबद्दल थोडेसे. चाळीस जण एकाच दिवशी रक्त देतात तेव्हा त्यांची भावना मोठी असते, पण पुढचे तीन महिने त्यांतल्या कोणाही पुरुषाला पुन्हा रक्त देता येत नाही आणि स्त्रियांना चार महिने थांबावे लागते. अस्थिभंगाच्या रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीही रक्त लागू शकते. निम्म्यांनी त्या दिवशी द्यावे, उरलेल्यांची नावे, रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहून ठेवावी. लाल पेशी साधारण पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस.

टेम्सपारचा कोल्हापूरकर

मी नोकरीनिमित्त अकरा वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि इथेही गाडी चालवतो. येथे अपंग दुचाकीस्वारांची एक राष्ट्रीय संघटना १९९१ पासून काम करते. हात किंवा पाय निकामी झालेल्या माणसाला पुन्हा मोटरसायकल चालवता यावी, म्हणून गाडीत बदल करून घेण्याचा सल्ला आणि आर्थिक साहाय्य ती देते. एका हाताने चालवता येईल अशा रीतीने क्लच आणि ब्रेकची मांडणी बदललेल्या गाड्या, बाजूला गाडा जोडलेल्या गाड्या मी त्यांच्या मेळाव्यात पाहिल्या आहेत. भारतातही २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातील जुनी, अवमानकारक वाटणारी संज्ञा जाऊन "अनुकूलित वाहन" ही कल्पना आली आहे, परवानगी मात्र परिवहन कार्यालयातून घ्यावी लागते.

आपल्या मित्राने पुन्हा गाडी चालवावी की नाही, हा त्याचा आणि त्याच्या कुटुंबाचा प्रश्न आहे. गटाने त्याला घाई करू नये आणि परावृत्तही करू नये. माझ्या ओळखीचा एक जण तीन वर्षे फक्त मेळाव्यांना येऊन बसत असे आणि तेवढे त्याला पुरे होते.

मुळशीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून मी त्याच संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो आणि या वेळी त्याच्या पत्नीशीही बोललो. पाचव्या महिन्यापर्यंत काय काय एकटीने उचलले, ते त्यांनी शांतपणे सांगितले. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तेव्हा कोणी आले नाही, याचा राग नाही. पण भावोजी, आता या."

गटाने जे ठरवले ते थोडक्यात असे. अपघाताच्या दिवशी चौघांना चार वेगवेगळी कामे द्यायची : रुग्णालय, पोलीस ठाणे, घर आणि निरोप. एक वही करायची, तिच्यात तपासणीच्या तारखा, रक्तदात्यांची यादी आणि पैशांचा हिशेब राहील, आणि ती वही वर्षभर एकाच्याच ताब्यात राहील. पहिल्या महिन्यात निधीतील एक तृतीयांशाहून अधिक खर्च करायचा नाही. हेल्मेट काढण्याचा सराव येत्या रविवारी आहे आणि घाटपायथा यांना आम्ही बोलावले आहे, त्यांनी होकारही कळवला आहे.

मित्राबद्दल. शस्त्रक्रियेत त्याच्या बरगड्यांमधल्या नसा दंडाच्या स्नायूला जोडलेल्या आहेत. या नसा मुळात श्वासाच्या, त्यामुळे स्नायू पहिल्यांदा जागा होतो तो श्वासाबरोबर, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. नऊ महिने आम्ही कोणीही दर गुरुवारी फिजिओला गेलो की त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगितले जाई आणि दंड तसाच निपचित राही. मागच्या गुरुवारी माझी पाळी होती. त्याने श्वास आत ओढला आणि फिजिओने माझे बोट धरून त्याच्या दंडावर टेकवले. कातडीखाली काहीतरी हलले. त्याने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा हलले. कोपर अजून वाकत नाही, त्याला आणखी काही महिने लागतील. आम्ही तिघांनीही पाच-सात वेळा मोठ्याने मोजून खात्री करून घेतली, मग त्याने घरी फोन लावला.

पुढच्या तीन गुरुवारांची नावे लागली आहेत. चौथा, म्हणजे महिन्याचा शेवटचा गुरुवार, अजून रिकामा आहे. सकाळी साडेनऊ, कोथरूडहून न्यायचे आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी कळवावे.

पिवळा रेनकोट

शेवटचा गुरुवार मी घेतो. सकाळी ऑर्डर कमी असतात. पत्ता पाठवावा.